४ लाखांत किचन होईल का? आधी दोन्ही कोटेशनं एका मापात आणा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलुंडला जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही, किचन ९ बाय ७, एल आकाराचा ओटा. हातात ४ लाख. मॉड्युलरवाल्या शोरूमने २ लाख ८५ हजार सांगितलेत, ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने "सगळं धरून" ३ लाख २० हजार. नणंदेकडे ३ लाख ठरवून काढलेलं काम ५ च्या वर गेलं म्हणून धास्ती बसलीये, शिवाय गणपतीआधी व्हावं असं घरच्यांचं म्हणणं. कुठलं कोटेशन घ्यावं आणि ४ च्या आत राहायचं कसं, हे विचारलंय.

मी मुंबईतल्या जुन्या फ्लॅट्सची रिनोव्हेशनचीच कामं करते, त्यामुळे माझं मत त्या अंगानेच येणार, नवीन टॉवरमधल्या किचनला यातलं अर्धं लागू होणार नाही.

पहिली गोष्ट, या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. शोरूमचे २.८५ हे बहुतेक फक्त कॅबिनेटचे आहेत. तोडफोड, डेब्रिज (तोडलेला राडारोडा), ओटा, टाइल्स, प्लंबिंग, वायरिंग यातलं काहीच त्यात नसतं, आणि खाली बारीक अक्षरात "टॅक्स एक्स्ट्रा" असतं. १८ टक्के जीएसटी लावला की २ लाख ८५ हजारांचे ३ लाख ३६ हजार ३०० झाले, आणि अजून तुमची एक जुनी फरशीसुद्धा हललेली नाही. कॉन्ट्रॅक्टरच्या ३.२० मध्ये "सगळं" आहे, पण सगळं म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे काम चालू असताना तो म्हणेल ते सगळं. तेव्हा स्वस्त कोण हे आत्ता सांगताच येत नाही. दोघांनाही एकच यादी द्या आणि प्रत्येक ओळीसमोर आकडा किंवा "नाही" असं लिहून मागा. "नाही" लिहून घेणं जास्त महत्त्वाचं, नंतरची भांडणं तिथेच होतात.

आता ४ लाखांचं काय. हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट किचनच्या बाहेरची आहे: तुमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा कुठवर आलीये? नुसतं जिन्यात बोलणं चालू असेल तर ती चर्चा वर्षानुवर्षं चालते, तिच्या भरवशावर गळक्या ओट्यावर स्वयंपाक करत बसू नका. पण सहकार कायद्याच्या ७९-ए कलमाखाली प्रक्रिया रीतसर सुरू झाली असेल, बिल्डरची निवड वगैरे होत आली असेल, तर मी तुम्हाला ४ लाख घालूच देणार नाही. गळती बंद करा, वायरिंग सुरक्षित करा, शटर्स बदला आणि बाकीचे पैसे बँकेत ठेवा. कॅबिनेट उचलून नवीन घरी नेऊ असं खूप जण म्हणतात, प्रत्यक्षात भिंतीचं माप जुळत नाही आणि काढताना प्लायच्या कडा फुटतात, त्यामुळे त्या हिशोबाने खर्च करू नका.

रिडेव्हलपमेंट लांब आहे असं धरून पुढे लिहिते.

४ लाख हा तुमच्या खिशाचा आकडा आहे, कामाचा नाही. कामाचं प्लॅनिंग ३ लाख ४० हजारांचं करा आणि ६० हजार बाजूला टाका. म्हणजे १५ टक्के. नवीन बिल्डिंगमध्ये मी १० टक्क्यांवर भागवते, पण तुमच्याकडे भिंतीत जीआय (जुने लोखंडी) पाइप असणार, त्यांची आतून काय अवस्था झालीये ते भिंत फोडल्यावरच कळतं. हे ६० हजार कॉन्ट्रॅक्टरला सांगायचे नाहीत, आणि शक्य असेल तर घरातसुद्धा फार चर्चा नको.

मग ३.४० कसे वाटायचे? लोक काय करतात, आधी शटरचा रंग ठरवतात, मग चिमणी, मग टाइल्स, आणि उरलेल्या पैशात प्लंबर-इलेक्ट्रिशियन बसवतात. मी बरोबर उलटं करायला सांगते. जे भिंतीत आणि फरशीखाली गाडलं जाणार त्याचे पैसे पहिले काढायचे, कारण ते परत उघडायचं म्हणजे वरचं सगळं तोडायचं. मग ओटा आणि टाइल्स, कारण तेही सहज बदलत नाही. मग कॅबिनेटचा सांगाडा. शटर, हँडल, आतल्या बास्केट, चिमणी हे सगळ्यात शेवटी, कारण ते २ वर्षांनी एकेक करून बदलता येतं आणि एक टाइलसुद्धा फोडावी लागत नाही.

तुमच्या मापाला माझी ढोबळ विभागणी अशी होईल: तोडफोड, डेब्रिज, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर मिळून १ लाख, ओटा आणि टाइल्स मजुरीसकट ७० हजार, कॅबिनेट आणि ट्रॉल्या १ लाख ३० हजार, आणि सिंक, नळ, चिमणी, लाइट्स ४० हजार. टॅक्स ज्याचा त्याचा त्याच रकमेत धरायचा. मजुरीचे रेट एरियाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलतात त्यामुळे आकडे इकडचे तिकडे होतील, पण पहिल्या १ लाखाला कात्री लावून शेवटच्या ४० मध्ये टाकायची नाही एवढं पाळा. आणि हो, यात शोरूमचं किचन बसत नाही हे तुम्हाला दिसलंच असेल. ते हवं असेल तर तुमचं बजेट ५ च्या वर आहे, ४ नाही, आणि ते आजच मान्य केलेलं बरं.

आता त्या १ लाखात काय काय दडलेलं असतं ते जरा सविस्तर सांगते, कारण नणंदेचे पैसे बहुधा इथेच गेले असणार.

डेब्रिज. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे गोण्या भरून खाली न्यायची मजुरी वेगळी, टेम्पो वेगळा, आणि बऱ्याच सोसायट्या गोण्या कंपाउंडमध्ये रात्रभर ठेवू देत नाहीत. डेब्रिज गुपचूप कुठेतरी टाकणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो पण पकडला गेला तर दंड, आणि पत्ता तुमचा निघतो. पालिकेची पैसे भरून डेब्रिज नेण्याची सोय आहे, वॉर्ड ऑफिसला विचारा. तसंच वर चढवायचं: रेती, सिमेंट, टाइल्स, कडप्पा, ग्रॅनाइट. कोटेशनमध्ये "चढ-उतार मजुरी कोणाची" ही ओळ हवीच. आणि सोसायटीचं डिपॉझिट, कामाच्या वेळा, रविवारी काम चालतं की नाही हे सेक्रेटरीकडून आधी लेखी घ्या. दुपारी २ ते ४ आवाज बंद असा नियम असेल तर कारागिरांचे दिवस वाढतात आणि ते पैसे कोणीतरी देतंच.

जिन्याचं वळण मोजा. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ८ फुटी ग्रॅनाइटचा पीस जुन्या बिल्डिंगच्या अरुंद जिन्यात वळला नाही तर तो तिथेच कापावा लागतो आणि ओट्याला मध्येच जोड येतो. आधी मोजलं असेल तर जोड कोपऱ्यात, सिंकपासून लांब घेता येतो. नाहीतर आयत्या वेळी मिस्त्री त्याला सोयीचा पडेल तिथे घेतो आणि मग पाणी कायम त्या फटीत.

पाइप बदलायचे तर किचनपुरते पूर्ण बदला, अर्धा जीआय अर्धा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) करून हजार-दोन हजार वाचवू नका. सिंकची जागा मात्र शक्यतो हलवू नका. सिंक समोरच्या भिंतीला नेलं की ड्रेनेज पाइपला उतार द्यायला फरशी उचलावी लागते, खालच्यांच्या छताचा प्रश्न येतो, आणि एवढं करून मिळतं काय तर थोडी मोकळी जागा. फरशी काढणार असाल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून निदान २४ तास ठेवायला लावा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघून या. एक दिवस जातो, पण टाइल्स लागल्यावर ओल कळली तर सगळा खर्च डबल.

फरशी खालून ठणठणीत असेल, ओल नसेल, तर टाइलवर टाइल हा पर्याय चांगला आहे. तोडफोड आणि डेब्रिज दोन्ही वाचतं. फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, दार खालून तासावं लागतं, बस. पण खालच्यांची "तुमच्याकडून पाणी येतं" अशी तक्रार असेल तर हा विचार सोडा, वरून टाइल चिकटवून गळती थांबत नाही.

वायरिंगला १६ अँपिअरचे पॉइंट आज लागतात त्यापेक्षा एकदोन जास्तच घ्या. ओव्हन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, पुढेमागे डिशवॉशर. हेवी पॉइंटला स्वतंत्र वायर आणि बोर्डात वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), एकाच लाइनवर सगळे पॉइंट जोडून देणाऱ्याला हात जोडा. महानगर गॅसचा पाइप किंवा मीटर हलवायचा असेल तर त्याला कॉन्ट्रॅक्टरने हात लावायचा नाही, कंपनीकडेच अर्ज करायचा, त्याचे चार्जेस वेगळे आणि तारीख त्यांच्या सोयीने, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. आणि पाइप बंद कपाटात झाकून टाकायचा हट्ट करू नका, बरा दिसतो पण धोक्याचा आहे.

आता मापं. एल ओट्यात पैसे कसे जातात बघा. समजा एक बाजू ८ फूट, दुसरी ६, ओट्याची रुंदी २ फूट. कोटेशनमध्ये ८ अधिक ६ म्हणजे १४ फूट धरतात, गुणिले २, झाले २८ स्क्वेअर फूट. पण कोपऱ्याचा २ बाय २ चा तुकडा दोन्हीकडे मोजला गेला ना! खरं माप ८ गुणिले २ अधिक ४ गुणिले २, म्हणजे २४. ४ फुटांचा ग्रॅनाइट जास्त, तेवढीच मजुरी जास्त, आणि खालच्या कॅबिनेटचं माप रनिंग फुटावर (नुसत्या लांबीवर) असेल तर तिथेही १२ च्या जागी १४. फसवणूकच असते असं नाही, कित्येकांची मोजायची पद्धतच ती आहे, आणि वेस्टेज म्हणून थोडं जास्त धरणं रास्तही आहे, पण मग वेस्टेज वेगळं लिहा म्हणावं. शिवाय कडेची मोल्डिंग, सिंकचं कटिंग, हॉबचं (ओट्यात बसणाऱ्या शेगडीचं) कटिंग रेटमध्ये आहे का वेगळं, तेही विचारा.

टाइल्सना १० टक्के जास्त धरायचे. जमीन ९ बाय ७ म्हणजे ६३ फूट, १० टक्के धरून ६९ च्या आसपास. २ बाय २ च्या ४ टाइल्सच्या बॉक्समध्ये १६ फूट बसतात, म्हणजे ५ बॉक्स. उरलेल्या ३-४ टाइल्स दुकानदाराला परत न करता माळ्यावर ठेवा, तो शेड पुन्हा मिळेलच असं नाही.

कॅबिनेटमध्ये १.३० बसवायचे असतील तर माझा सल्ला, आणि हल्लीच्या डिझायनर्सना तो जुनाट वाटेल: ओट्याखाली कडप्प्याचे उभे पार्टिशन, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, आणि पुढे चांगल्या प्लायचे लॅमिनेट शटर. वाळवी लागत नाही, सिंकखाली पाणी सांडलं तरी फुगत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला आत कडप्पा आहे का प्लाय हे कळतही नाही. आतली साधारण इंचभर जागा प्रत्येक पार्टिशनला जाते, ती तडजोड. प्लायच करायचा असेल तर सिंकच्या आसपास आणि ओट्याखाली बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा), म्हणजे आयएस ७१० छापलेला, वरच्या कोरड्या कपाटांना एमआर ग्रेड (नुसत्या दमटपणाला टिकणारा), आयएस ३०३, चालतो. शीटवर सीएम/एल नंबर, म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, आणि शीट कापायच्या आधी बघा, कापल्यावर शिक्का गेला.

स्टीलच्या ट्रॉलीला लोहचुंबक लावून दाखवणारे दुकानदार भेटतील, "चिकटत नाही बघा, म्हणजे ३०४". ३०४ या चांगल्या ग्रेडच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चिकटत नाही, त्यामुळे त्या खेळाला काही अर्थ नाही. स्टील तपासायचं थेंब टाकून रंग बघायचं लिक्विड मिळतं ते वापरा, आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. मुंबईच्या दमट हवेत २०२ सिंकजवळ लवकर डाग धरतं. कोपऱ्यातली फिरून बाहेर येणारी बास्केट घेऊ नका हो. एका बास्केटच्या किमतीत कितीतरी साध्या ट्रॉल्या होतात, आणि तो कोपरा दिवाळीची मोठी पातेली, सोऱ्या, पुरणयंत्र ठेवायला उत्तम असतो.

बजेट ठरवणं तसं सोपं, ते टिकवणं अवघड, आणि ते मोडतं एकाच वाक्याने: "एवढं करतोच आहोत तर हेही करून घेऊ." साइट बघायला आलेला प्रत्येक नातेवाईक हे बोलतो. हॉलला पण तीच टाइल घेऊ, बाथरूमचं दार बदलूनच टाकू, किचन आणि हॉलमधल्या भिंतीत पासथ्रू विंडो करू. (भिंतीत खिडकी काढायची असेल तर ती भिंत बिल्डिंगचा भार घेत नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायला हवं, कॉन्ट्रॅक्टरने ठोकून बघून नाही.) म्हणून मी दोन वह्या करायला लावते, म्हणजे मोबाइलमधल्या नोट्सच. एकीत भिंत उघडल्यावर निघालेलं काम: गंजलेला पाइप, पोकळ प्लास्टर, जळकी वायर. त्याचे पैसे बाजूच्या ६० हजारांतून. दुसरीत आवडलं म्हणून सुचलेलं काम. त्याचे पैसे ६० मधून अजिबात नाहीत, ते घ्यायचं तर ३.४० मधलं दुसरं काहीतरी कमी करायचं. प्रोफाइल लाइट (एलईडीची पट्टी) हवाय? ठीक आहे, मग वरच्या शटरची काच जाईल. असं समोरासमोर ठेवलं की निम्म्या कल्पना आपोआप मागे पडतात.

कॉन्ट्रॅक्टरशी पहिल्याच दिवशी ठरवा की जास्तीचं कुठलंही काम असेल तर काय, का, किती रुपये, किती दिवस हे व्हॉट्सॲपवर टाकायचं आणि तुमचं "ओके" आल्याशिवाय हात लावायचा नाही. तोंडी झालेलं धरलं जाणार नाही. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही, त्याचाही त्यात फायदा आहे. पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला १०-१५ टक्के, मग पाइप-वायरिंग झाल्यावर, ओटा-टाइल्स झाल्यावर, सांगाडा बसल्यावर, शटर लागल्यावर. शेवटचे १० टक्के सगळ्या ट्रॉल्या उघडून, नळ सोडून, सगळे स्विच दाबून बघितल्यावरच. ५० टक्के आधी मागणारा असेल तर तो बहुतेक तुमच्या पैशाने आधीच्या साइटचं काम संपवतोय.

तोडफोडीच्या आधी चिमणी, शेगडी, सिंक, आरओ, फ्रिज यांची मॉडेल्स पक्की हवीत. विकत घ्यायलाच हवीत असं नाही, पण माप पाहिजे. चिमणी ६० सेंटीमीटर की ९०, डक्ट कुठून बाहेर काढायचा, फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं, यावर पॉइंट आणि कपाटं ठरतात. टाइल्स लागल्यावर पॉइंट ६ इंच सरकवायला सांगितलात की तीन कारागीर परत बोलवावे लागतात.

सामान स्वतः आणलं तर वाचतं का? दिसणारं सामान, म्हणजे टाइल्स, नळ, सिंक, स्विच, हँडल तुम्ही आणा, लोहार चाळीत (दक्षिण मुंबईतला इलेक्ट्रिकलचा बाजार) एक चक्कर मारलीत तर इलेक्ट्रिकलच्या सामानात फरक कळेल. सिमेंट, पाइप, वायर त्याच्यावर सोडा पण ब्रँड लिहून घ्या. दोघंही नोकरीवाले असाल तर सगळंच अंगावर घेऊ नका, पाइपच्या एका एल्बोसाठी प्लंबर दिवसभर बसून राहतो आणि त्याची हजेरी भरावीच लागते. आणि हो, महिनाभराचं बाहेरचं जेवण किंवा पोळीभाजी केंद्राचा डबा हा खर्च ४ लाखांत धरलाय का? बहुतेकांनी धरलेला नसतो. बाल्कनीत इंडक्शन मांडून चहा, वरणभात तरी घरी करा.

राहिला गणपतीचा प्रश्न. जून लागलाय, ड्रॉइंग पक्कं नाही, कोटेशन एका मापात नाही, गॅसचा अर्ज नाही. गणपतीआधी उरकायच्या घाईत सगळ्या मुंबईला सुतार हवा असतो, त्यात पावसाळ्यात प्लाय ओल धरतो, पुट्टी-पॉलिश वाळत नाही, आणि कोकणातले कारागीर आठवडाभर आधीच गावी पळतात. अर्धवट ओट्यावर नैवेद्य करायची वेळ येईल. त्यापेक्षा हे दोन महिने कागदावरचं काम संपवा आणि गणपतीनंतर सुरू करा. भाद्रपद पौर्णिमेपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत साधारण ४५ दिवस मिळतात, त्यातले पहिले १५ पितृपक्षाचे. त्या काळात बरेच लोक नवीन काम काढत नाहीत म्हणून चांगला मिस्त्री मोकळा असतो आणि रेटलाही जरा ऐकतो. तोडफोड आणि पाइपचं काम त्यात उरकलं, ओटा नवरात्रात बसवला, तर दिवाळीचा फराळ नवीन किचनमध्ये होतो. घरातल्या मोठ्यांना पितृपक्ष चालतो का तेवढं आधी विचारून घ्या.